भोसरी-चाकणमधली आयटी

दिवाळीची सुट्टी संपली की निगडी-आकुर्डीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या कट्ट्यावर एकच प्रश्न ऐकू येतो: ‘इंटर्नशिप लागली का?’ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाच्या सहाव्या सत्रात इंटर्नशिप हा गुणांचा विषय झाला आणि ही चिंता घराघरांत पोचली. आयटीचे विद्यार्थी अर्ज करतात ते बहुतेक हिंजवडीला. ठरलेल्या कंपन्या, तेच पोर्टल, तोच रेझ्युमे; उत्तराची वाट पाहता पाहता जानेवारी उजाडतो. भोसरी, मोशी, चाकण ही नावं त्या यादीत क्वचितच असतात. तिकडे मेकॅनिकलवाल्यांनी जायचं, असा समज आहे. तो मोडला तर इथल्या कितीतरी मुलामुलींना काम शिकायला घराजवळच जागा मिळेल.

शिकाऊ माणसाला कामावर घेणं पिंपरी परिसराला नवं नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, १९६६ मध्ये टेल्को (आजची टाटा मोटर्स) आली, बजाज ऑटोने आकुर्डीत बस्तान बसवलं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर प्रशिक्षणार्थी घेण्याची जबाबदारी टाकली. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी आणि पदविका घेतलेले अभियंतेही त्यात आले. आयटीआय करायचं, अप्रेंटिस म्हणून लागायचं, हात बसला की कायम व्हायचं, या वाटेने इथल्या कितीतरी कुटुंबांनी बस्तान बसवलं. त्यांचीच मुलं आज आयटी शिकताहेत.

१९७४ ची एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संगणकशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी टेल्कोची जाहिरात पाहिली. महिलांनी अर्ज करू नयेत, असं त्यात लिहिलेलं होतं. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं. पिंपरीत मुलाखत झाली, तांत्रिक प्रश्न विचारले गेले आणि टेल्कोला शॉप फ्लोअरवरची पहिली महिला अभियंता मिळाली. ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगितली जाते, ते योग्यच आहे. आयटीच्या विद्यार्थ्याने तिच्यातली आणखी एक बाजू पाहावी: संगणक शिकलेली मुलगी ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात गेली होती.

त्या कारखान्यांत आज संगणकाचं काम कुठे आहे, ते जवळून पाहू. भोसरीतल्या एखाद्या शेडमध्ये चार-सहा सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणारी, मशिनं असतात. शिफ्ट संपली की ऑपरेटर रजिस्टरमध्ये लिहितो: किती जॉब झाले, किती रिजेक्ट, मशिन किती वेळ बंद. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते एक्सेलमध्ये भरतं. मालकाला कालचा घोळ आज दुपारी कळतो, तोवर आजचा झालेला असतो. मशिनच्या डोक्यावर लाल, पिवळा, हिरवा दिवा असतो. त्याचा सिग्नल वाचणारं एक छोटं सर्किट, माहिती साठवायला एक डेटाबेस आणि मोबाइलवर दिसणारं एक पान, एवढं तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जमण्यासारखं आहे.

खरं शिक्षण सुरू होतं ते त्यानंतर. दिवा लाल झाला, मशिन बंद, एवढं प्रोग्रॅमला कळतं. पण का बंद? टूल बदलायचं होतं, सेटिंग चालू होतं, माल आला नव्हता, वीज गेली, की चहाची सुट्टी झाली? हे ऑपरेटरशेजारी उभं राहून विचारावं लागतं. मग कारखान्यातला हिशेब उलगडतो. मशिन ठरलेल्या वेळेपैकी ९० टक्के वेळ चाललं, वेग ९० टक्के राहिला आणि चांगला माल ९० टक्के निघाला, तर तिन्हींचा गुणाकार जेमतेम ७३ टक्के येतो. या आकड्याला शॉपवर ओईई म्हणतात. तो कुठे गळतो हे दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला मालक पुन्हा बोलावतो.

चाकणचं काम आणखी वेगळं. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे तिथले कारखाने २००९ मध्ये सुरू झाले. महिंद्रा आणि बजाज तिथेच आहेत. आजच्या मोटारीत डझनावारी छोटे संगणक असतात. ते एकमेकांशी बोलतात ते प्रामुख्याने बॉशने १९८६ मध्ये जगापुढे मांडलेल्या ‘कॅन’ पद्धतीने. हे संदेश वाचणं, त्यांची चाचणी घेणं, पुरवठादाराकडून आलेल्या प्रत्येक सुट्या भागाचा बारकोडवरून माग काढणं, ही सगळी आयटीचीच कामं आहेत. बड्या कारखान्यात थेट शिरकाव अवघड असतो. त्यांना माल पुरवणाऱ्या मधल्या आकाराच्या कंपन्यांचं दार त्यामानाने लवकर उघडतं.

हे दार ठोठावायचं कसं? सरसकट रेझ्युमे पाठवू नये. कंपनी काय बनवते ते वाचावं, एकदा भेटीची वेळ मागावी आणि एका पानात लिहावं: मला हे येतं, तुमच्याकडे हे करून देता येईल, इतके आठवडे लागतील. सोबत आधी बनवलेलं एखादं चालणारं काम दाखवावं. होकार आला तर चार गोष्टी लेखी घ्याव्यात: मार्गदर्शक कोण, काम काय, मानधन किती, प्रमाणपत्र कधी. लिहिलेला कोड कॉलेजच्या अहवालात किती दाखवता येईल, हेही आधीच विचारावं.

पैशांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. पदवीनंतरच्या अप्रेंटिसशिपला कायद्याचा आधार आहे. २०१९ च्या नियमांत पदवीधरासाठी महिन्याला किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरलं. शिकता शिकता केलेल्या इंटर्नशिपला असा आधार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिन्याला ५,००० रुपये होते, पण पूर्णवेळ शिकणारे विद्यार्थी त्यातून वगळलेले होते. त्यामुळे आकुर्डीत कॉट बेसिसवर राहणाऱ्या, लातूर-धाराशिवकडून आलेल्या मुलाला फुकटची इंटर्नशिप परवडत नाही. छोट्या कारखानदारानेही निदान बसभाडं आणि जेवण द्यावं. उलट विद्यार्थ्याकडूनच हजारो रुपये घेऊन ‘इंटर्नशिप’ विकणाऱ्यांपासून दूरच राहावं. तो क्लास असतो. त्याला इंटर्नशिप म्हणू नये.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे. चाकण रस्त्यावरची कोंडी, सेकंड शिफ्टनंतरची परतीची सोय, शेडमध्ये स्वच्छतागृह आहे की नाही, हे कॉलेजच्या समन्वयकाने प्रत्यक्ष जाऊन पाहायला हवं.

ज्यांना प्रवास शक्यच नाही, त्यांनाही वाटा आहेत. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरवर फेलोशिप देतो आणि आधी करून दाखवलेल्या कामावर निवड करतो. गूगलचा ‘समर ऑफ कोड’ २००५ पासून चालू आहे आणि २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवशिक्यांनाही खुला आहे. त्यासाठी उन्हाळ्याची वाट पाहू नये. हिवाळ्यातच एखाद्या प्रकल्पात छोटे दोष दुरुस्त करायला लागावं.

भोसरी-चाकणसाठी मात्र एकट्या विद्यार्थ्याची धडपड पुरणार नाही. आयटी विभागांनी आणि लघुउद्योजकांच्या संघटनांनी गणपतीनंतर एकत्र बसावं. प्रत्येक उद्योजकाने आपल्या शेडमधली एक अडचण एका परिच्छेदात लिहून द्यावी. ती यादी दिवाळीपूर्वी वर्गात लागावी आणि दोघा-तिघांच्या गटाने एकेक अडचण निवडून, सत्र सुरू होण्याआधी त्या शेडमध्ये एक पूर्ण शिफ्ट काढावी.