दुकानदाराच्या मुलाने शिकावे कशाला?
(पालक मेळाव्यातील भाषण)



"पुढे दुकानच सांभाळायचे, तर मुलाला जास्त शिकवून काय उपयोग?" असे अनेक पालक मला विचारतात. त्याचे उत्तर आपल्या शेजारीच, विक्रोळीला आहे.

बर्लिनमध्ये रसायनशास्त्र शिकून आलेल्या डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत 'सिप्ला' ही औषध कंपनी काढली. १९६० साली तिचा कारखाना विक्रोळीला सुरू झाला. त्याच वर्षी त्यांचे चिरंजीव डॉ. युसूफ हमीद केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन धंद्यात आले.

१९७२ साली नवा पेटंट कायदा अमलात आला. पेटंट औषधावर नव्हे, तर ते बनविण्याच्या पद्धतीवर राहिले. दुसरी पद्धत शोधणाऱ्याला बाजार खुला झाला. पण ती शोधायला नुसते भांडवल पुरत नाही, विद्या लागते. सिप्लाजवळ ती होती.

एड्सवरील तीन औषधांच्या उपचाराला तेव्हा वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येई. २००१ साली सिप्लाने गरीब देशांत सेवा करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेला तीच औषधे ३५० डॉलरांत देऊ केली. ज्यांना औषध घेणेच शक्य नव्हते, त्यांच्यापर्यंत ते पोहोचले. विक्री वाढली आणि जीवही वाचले.

पालकहो, बदल प्रत्येकाच्या दारी येतो. तो आधी ओळखतो त्याचाच धंदा वाढतो. मुलाला संध्याकाळी गल्ल्यावर जरूर बसवा. पण त्यासाठी शाळेतून त्याचा दाखला काढू नका.