डावं-उजवं



खाजकुयरीची लव मित्राच्या कॉलरीत टाकली, म्हणून मी तासभर वर्गाबाहेर उभा होतो. त्याच शेंगेच्या बियांत कंपवातावरचं लेव्होडोपा असतं, हे अमरावती सोडल्यावर कळलं. हे अमिनो आम्ल प्रथिनांतल्या नेहमीच्या विसांपैकी नाही. त्याची दोन रूपं डाव्या-उजव्या तळहातांसारखी: डावं औषध, उजवं अपायकारक. झाड डावंच घडवतं. प्रयोगशाळेत साध्या रीतीने दोन्ही निम्मी-निम्मी निघतात. म्हणून आम्ही रेणूला एकाच हाताचा सोबती जोडतो. तो एक बाजू अडवतो. नवा भाग दुसऱ्या बाजूनेच लागतो. जिनिव्हाच्या ओपोल्झर यांनी १९८९ मध्ये कापरापासून केलेला सोबती वापरून अमिनो आम्लं घडवली. काम झालं की सोबती सोडवून घेतात. रेणूचं वळण राहतं.

सर, शाळाही सुटली. तुम्ही लावलेलं वळण तेवढं राहिलं.