चित्रकला शिकणाऱ्या मुली काय म्हणतात?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की आपण शाळेतली गळती, लांबची महाविद्यालये, लवकर लावून दिलेली लग्ने यांबद्दल बोलतो. चित्रकला महाविद्यालयाचे नाव त्यात येत नाही. ती खात्यापित्या घरची हौस, असा एक समज आहे. सरकारी कला महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलींशी बोलले की हा समज टिकत नाही.

बहुतेकजणी सांगतात, ‘सरकारी कॉलेज होते म्हणून येता आले.’ भावाच्या इंजिनीयरिंगसाठी घर कर्ज काढते. मुलीच्या चित्रकलेसाठी कोण काढणार? फी कमी असली की तिला घरच्यांकडे फार हात पसरावे लागत नाहीत. म्हणजे ही कमी फी मुलीला स्वतःची निवड करू देते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मागास व इतर मागासवर्गीय कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. चांगलेच झाले. पण फी माफ झाली तरी रंग विकतच घ्यावे लागतात. तैलरंग, ब्रश, कॅनव्हास, चांगला कागद, शिवाय शहरात राहण्याचा खर्च. पैसे संपले की मुलगी चित्राचा आकार लहान करते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. पहिल्या वर्षापासून बाहेर जाऊन स्केचिंग करावे लागते. स्टेशन, बाजार, बंदर. मुलगा फलाटावर वही उघडून बसला तर तो विद्यार्थी. मुलगी बसली की भोवती घोळका, शेरे, ‘कुणाची वाट बघतेस?’ चित्र काढायला एका जागी तासभर बसावे लागते, आणि बाईने रस्त्यावर एका जागी तासभर बसणे आपल्या समाजाला खपत नाही. मग मुली गटाने जातात, भराभर रेघा मारतात, नाहीतर फोटोवरून घरी काढतात. गुण कमी पडतात ते हाताच्या दोषाने नव्हे. रस्त्यावरच्या बाईच्या हक्काबद्दल आपण जे बोलतो, ते या मुली गुणपत्रिकेत भोगतात.

तिसरी गोष्ट मॉडेलची. नग्न शरीराच्या अभ्यासासाठी पुष्कळदा गरीब बाई बसते. मुली म्हणतात, जाहिरातीतले नव्हे असे, बाळंतपणाच्या खुणा असलेले बाईचे शरीर आम्ही पहिल्यांदा तिथे लाज न बाळगता पाहिले. पण तासन्‌तास न हलता बसणे हे अंगमेहनतीचे काम आहे. रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ या चित्रपटात अशीच बाई आहे. २०१७ मध्ये गोव्याच्या महोत्सवातून तो वगळला, तेव्हा चर्चा अश्लीलतेची झाली. तिच्या मजुरीची, पाठदुखीची, म्हातारपणाची झाली नाही.

मुंबईचे सर ज. जी. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चे. अँजेला त्रिंदाद, बी. प्रभा, भानू अथैया, नलिनी मलानी तिथेच शिकल्या. ‘पुढे काय करणार?’ असे विचारणाऱ्या घराला मुली ही नावे सांगतात. २०२३ मध्ये या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. असा बदल झाला की धाकट्या बहिणींना ही फी परवडेल का, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो.

आपण काय करू शकतो? साहित्यासाठी अनुदान आणि मुलींना वसतिगृह, या मागण्या आपल्या निवेदनांत घालू. मॉडेल बायांना असंघटित कामगार म्हणून मोजू. मुली स्केचिंगला निघतील तेव्हा आपल्यातल्या चौघी-पाचजणी त्यांच्यासोबत फलाटावर बसू. आणि मोर्चासाठी त्यांच्याकडून पोस्टर करून घेतले, तर त्याचे पैसे देऊ.