सामना हरल्यावर घरी येताना

मी जुना फौजी. चौतीस वर्षं पायदळात काढली, निवृत्तीनंतर महूला घर केलं. आयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांना वाटलं, कर्नलसाहेब नेतृत्वावर बोलतील. आम्हां फौजी लोकांना बोलावलं की दोनच विषय मिळतात, नेतृत्व नाहीतर शिस्त. मी म्हटलं, मला एका अमेरिकन फुटबॉलपटूबद्दल बोलायचंय. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "बरं सर."

तर आधी हा खेळ. हा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, आणि तो बहुतेक वेळ हातातच असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना द्यायचा. प्रत्येक डावाच्या सुरुवातीला चेंडू ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. कुणाकडे फेकायचा, की स्वतःच पळायचं, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. त्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात. ती भिंत फुटली की सव्वाशे किलोचा माणूस अंगावर येतो. जिंकले की कौतुक क्वार्टरबॅकचं, हरले की शिव्याही त्यालाच. कंपनी कमांडर होता आलं असेल त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मला हा खेळ कळला तो २०१६ च्या फेब्रुवारीत. मुलगा डेन्व्हरला नोकरीला. सूनबाईंच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. नातू तीन आठवड्यांचा. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि गावात एकच विषय, सुपर बोल, म्हणजे त्यांचा अंतिम सामना. डेन्व्हरचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग, वय ३९. डेन्व्हरने कॅरोलायनाला २४-१० हरवलं. पेटनचा तो शेवटचा सामना. घरचे सगळे प्रेक्षागृहाच्या काचेच्या खोलीत उभं राहून टाळ्या पिटतायत, आणि धाकटा भाऊ ईलाय, तोही क्वार्टरबॅक, दोन सुपर बोल जिंकलेला, चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा न हलवता उभा. कॅमेऱ्याने नेमकं तेच टिपलं. आमची सौ. म्हणाली, "हा अगदी आपल्या भाऊजींसारखा दिसतो, लग्नात जेवण उशिरा मिळालं की."

मी मुलाला विचारलं, एका घरात दोन-दोन असे खेळाडू, बापाने काय घोटून घेतलं असेल यांच्याकडून! मुलगा हसला. म्हणाला, "बाबा, त्यांच्या वडिलांबद्दल वाचा एकदा."

वाचलं. बाळ रात्री जागवायचंच, त्यामुळे वेळ भरपूर होता.

वडील आर्ची मॅनिंग. जन्म १९४९, मिसिसिपी राज्यातलं ड्रू नावाचं लहानसं गाव, कापसाचा मुलूख. त्यांच्या वडिलांना सगळे बडी म्हणत. शेतीच्या यंत्रांचा धंदा. मुलाच्या खेळाचं बडींना कौतुक होतं, पण कामातून सामन्याला जायला सवड व्हायची नाही. आई मात्र प्रत्येक सामन्याला हजर. १९६९ च्या उन्हाळ्यात घरचे एका लग्नाला गेले होते. आर्ची सगळ्यांत आधी परतले, आणि वडिलांनी आपलं आयुष्य संपवलेलं त्यांनीच पहिल्यांदा पाहिलं. वय वीस. कॉलेज सोडून नोकरी धरायची, आई आणि बहिणीला सांभाळायचं, असं त्यांच्या मनात होतं. आईने ऐकलं नाही. परत पाठवलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अलाबामाविरुद्ध सामना होता, देशभर टीव्हीवर दिसलेला. या पोराने ४३६ यार्ड फेकून मिळवले आणि शंभरहून जास्त पळून. तरी ३३-३२, एका गुणाने हरले. त्या हरलेल्या सामन्याने आर्ची मॅनिंग हे नाव अमेरिकेला माहीत झालं.

पुढचं सगळं तसंच. १९७१ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सेंट्स संघाने त्यांना घेतलं. ते तिथे असेपर्यंत संघाने एकाही मोसमात निम्म्यापेक्षा जास्त सामने जिंकले नाहीत. १९८० मध्ये तर सोळापैकी एक जिंकला, पंधरा हरले. प्रेक्षक लाजेने डोक्यावर कागदी पिशव्या घालून, डोळ्यांपुरती भोकं पाडून बसायचे. पूर्ण कारकिर्दीचा हिशेब ३५ विजय, १०१ पराभव, ३ बरोबरी. मी हे आकडे दोनदा तपासले. एकशे एक वेळा हा माणूस मार खाऊन, हरून घरी गेला. घरी मुलं होती. आणि त्या मुलांना खेळाचा तिटकारा आला नाही. कसा आला नाही, हा माझा प्रश्न होता.

तो मला का पडला ते सांगतो.

२००२ साल. पराक्रमसाठी आमची पलटण कितीतरी महिने राजस्थानच्या सीमेवर होती. कुटुंब जबलपूरला. नोव्हेंबरमध्ये रजेवर आलो तेव्हा मुलगा चौदा वर्षांचा, शाळेच्या फुटबॉल संघात गोलकीपर. हा आपला, पायाने खेळायचा फुटबॉल. त्याच्या आयुष्यात मी पाहिलेला तो पहिला सामना. हरले. येताना मारुतीत तो माझ्या शेजारी, हातमोजे मांडीवर. आणि मी सुरू केलं. पहिला गोल, तुझी जागा चुकली. दुसरा, पुढे यायला उशीर. तिसरा, लक्ष कुठे होतं? युद्धसरावानंतर आम्ही जसं डीब्रीफिंग करतो ना, तसं. घरापर्यंत आठ किलोमीटर पुरलं. तो "हो बाबा, हो बाबा" म्हणत राहिला.

माझी रजा संपली. दोन महिन्यांनी सौ.चं पत्र आलं, त्याने फुटबॉल सोडला, अभ्यास करतो म्हणतोय. आणि मंडळी, मी खूश झालो. मेसमध्ये सांगितलंसुद्धा, पोरगा मार्गी लागला म्हणून.

आर्चींनी मुलांबरोबर अंगणात चेंडू फेकला, सामने पाहिले, पण त्यांच्या शाळेच्या संघाचे प्रशिक्षक काही झाले नाहीत. १९९४ मध्ये पेटनने कॉलेज निवडलं. सगळ्या मिसिसिपीला वाटत होतं, वडिलांच्याच विद्यापीठात येणार. तो टेनेसीला गेला. लोकांनी आर्चींना वाईट वाईट पत्रं पाठवली, मुलाला सांगता आलं नाही का म्हणून. त्यांनी निर्णय मुलावर सोडला होता. आमच्या घरी एनडीएचा अर्ज मीच आणून टेबलावर ठेवला होता. तो कोराच राहिला, आणि मी वर्षभर धुसफुसत होतो.

हा माणूस देव वगैरे नव्हे. २००४ मध्ये सॅन डिएगोच्या संघाने आपल्या धाकट्याला घेऊ नये असं आर्ची आणि ईलाय यांनी आधीच कळवलं होतं. त्यांनी घेतलंच, आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कला देऊन टाकलं. मला हे पटलं नाही. आम्हांला कुणी विचारून पोस्टिंग दिलं नाही. सौ. म्हणाली, "विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं?" मी विषय बदलला.

पण मला सगळ्यांत जास्त धरून ठेवलं ते थोरल्याने. कूपर. हाही खेळाडू, चेंडू झेलणारा. शाळेत एक वर्ष दोघं भाऊ एकाच संघात होते, पेटन फेकणार, कूपर झेलणार. मग कूपर वडिलांच्या विद्यापीठात गेला आणि त्याच्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. तपासणीत निघालं, मणक्याची नळीच अरुंद आहे. अठराव्या वर्षी खेळ संपला. शस्त्रक्रियेनंतर चालायलाही नव्याने शिकावं लागलं. त्याने पेटनला पत्र लिहिलं, की माझं खेळायचं स्वप्न आता तुझ्यात जगेन. कूपरचा शाळेतला आकडा १८, वडिलांचा कॉलेजातलाही १८. पेटनने शाळेच्या शेवटच्या वर्षी तो अंगावर घेतला आणि पुढे व्यावसायिक खेळात शेवटपर्यंत वागवला. त्या रात्री टीव्हीवर मी पाहत होतो तो हाच १८. आज कूपरचा मुलगा आर्च टेक्सासला क्वार्टरबॅक आहे.

ज्याच्या बापाला सामन्याला यायला सवड झाली नाही आणि मग एक दिवस बापच राहिला नाही, त्याने आपल्या तिघांशी काय करायचं ते बहुधा तेव्हाच ठरवलं असावं. हा माझा अंदाज. मी जवानांच्या घरी वाईट बातमीची पत्रं लिहिलेला माणूस आहे. मागे राहिलेला मुलगा काय करतो, हे मी कधी वळून पाहिलं नव्हतं.

परतीच्या आदल्या रात्री बाळाला मांडीवर घेऊन बसलो होतो. मुलगा बाटली गरम करत होता. मी म्हटलं, "जबलपूरला तुझा एक सामना पाहिला होता मी. ३-१ हरलात तेव्हा. गाडीत मी जरा जास्तच बोललो."

तो म्हणाला, "जाऊ द्या बाबा. मला आठवतही नाही."

बाटली हातावर उलटी करून दोन थेंब पाहिले. मग म्हणाला, "३-२."

आता नातू नऊ वर्षांचा आहे. तोही पायाने खेळायचा फुटबॉल खेळतो, आणि देवाची करणी, गोलकीपर. रविवारी आमच्याकडे सकाळ होते तेव्हा व्हिडिओ कॉल येतो. गेल्या खेपेला चार गोल खाऊन आला होता. दुसऱ्या गोलाला त्याची जागा चुकली होती, मुलाने पाठवलेल्या चित्रफितीत मला स्पष्ट दिसलं. पडद्यावर नातू, त्याच्या मागे मुलगा, हाताची घडी घालून, माझ्याकडे बघत. मी नातवाला विचारलं, "हातमोजे नवीन का रे? दाखव बघू."

त्याने दोन्ही हात कॅमेऱ्यापुढे धरले. पडदा सगळा हिरवा झाला, मागचं काही दिसेना.