रजेच्या अर्जातले कारण

हुबळीहून धारवाडास जाताना वाटेत अमरगोळ लागते. जुन्या देवालयांचे हे गाव आता हुबळीच्या कृषि-उत्पन्न बाजारामुळे अधिक ओळखले जाते. अडत्यांच्या पेढ्या, मापाडी, हमाल, दिवाणजी, अशी ती गजबजलेली दुनिया आहे. तेथून थोड्याच मैलांवर धारवाडची मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. इ. स. १८४५ मध्ये ती वेड्यांचे इस्पितळ म्हणून सुरू झाली. धारवाड मुंबई इलाख्यात होते तेव्हा येरवडा, ठाणे, रत्नागिरी यांच्या पंक्तीत तिचे नाव घेतले जाई. या गावांच्या नावांना आपल्या बोलण्यात एक कुचेष्टेचा अर्थ चिकटलेला आहे. "याला आता येरवड्याला पाठवा," असे म्हणून आपण हसतो व विसरून जातो. त्या हसण्याची किंमत कोणाला मोजावी लागते, याचा विचार आज करावयाचा आहे.

एखाद्या पेढीवरचा दिवाणजी डोळ्यांसमोर आणा. पंधरा वर्षांत त्याच्या खतावणीत कधी चूक निघाली नाही. अलीकडे मात्र तो उशिरा येतो, बेरजा चुकतात, बोलावले तर दोनदा हाक मारावी लागते. धनी म्हणतो, "आळशी झाला." सोबती म्हणतात, "घमेंड आली." त्याला पहाटे तीनलाच जाग येते, अन्न गोड लागत नाही आणि ज्या कामात त्याला अभिमान वाटे त्याचेच ओझे वाटते, हे कोणी विचारीत नाही. अशी अवस्था दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली, तर वैद्यकशास्त्र तिला नैराश्याचा विकार समजते. बाजारात मात्र रोगाची लक्षणे स्वभावाचे दोष म्हणून खात्यावर मांडली जातात. या अन्यायाचे मूळ तेथे आहे.

हा विकार विरळा नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनुसार भारतात सुमारे वीस प्रौढांमागे एकाला तो आयुष्यात केव्हा ना केव्हा गाठतो. आणि आजारी असलेल्या शंभरांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. औषधे आणि समुपदेशन यांनी बहुतेकांना आराम पडतो. मग माणसे जात का नाहीत? दवाखाने दूर असतात, पैसा नसतो, हे खरेच. परंतु दवाखाना हाकेच्या अंतरावर असतानाही पाऊल उचलत नाही, याला कारण लोकलज्जा आणि नोकरीची धास्ती. म्हणून रजेच्या अर्जात आपला दिवाणजी 'कंबरदुखी' लिहितो. कंबरदुखीला सहानुभूती मिळते. खरे कारण लिहिले, तर तिजोरीची किल्ली आपल्या हातून काढून घेतील, असे त्याला वाटते. दुर्दैवाने त्याचे हे वाटणे पुष्कळदा खरे ठरते. आणि ज्या आजाराचे नावच लपवावे लागते, त्याचे औषधही माणूस लपूनछपून घेतो, अर्ध्यावर सोडतो आणि पुन्हा खचतो.

शरीराच्या व्याधीसंबंधी आपण एवढे कठोर नाही. हुबळी हे रेल्वेचे मोठे ठाणे आहे. इंजिनचालकाची दृष्टी उणावली, तर त्याला गाडीवरून उतरवून, त्याचे वेतन राखून, दुसरे योग्य काम द्यावे, अशी तरतूद रेल्वेत आहे. त्याला कोणी कामचुकार म्हणत नाही. डोळ्यांना जो न्याय आहे, तो मनाला का असू नये?

कायद्याने हा प्रश्न ऐकला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दीर्घकालीन मानसिक आजारालाही संरक्षण दिले. नोकरीत असताना कोणास दिव्यांगत्व आले, तर सरकारी आस्थापनेने त्याला काढू नये वा खालच्या पदावर ढकलू नये, असे त्यात सांगितले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने मनाच्या आणि शरीराच्या रुग्णांना उपचारात समान वागणूक देण्यास सांगितले आणि उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्कही दिला.

केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याचे प्रकरण येथे बोलके आहे. २००९ मध्ये त्याला मानसिक विकाराचे व त्यासोबतच्या नैराश्याचे निदान झाले. पुढच्याच वर्षापासून त्याच्या वर्तनाबद्दल खातेनिहाय चौकशा सुरू झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या चौकशा रद्द केल्या. ज्या वर्तनासाठी कारवाई होते, त्याच्या कारणांपैकी आजार हे एक कारण असले, तरी ती कारवाई भेदभाव ठरू शकते, असे न्यायालयाने म्हटले. त्याला दुसरे योग्य काम देताना वेतन राखण्यासही सांगितले. गैरवर्तन म्हणून नोंदलेल्या गोष्टीमागे आजार असू शकतो, हे येथे स्पष्टपणे मान्य झाले.

परंतु हे कवच मुख्यत्वे सरकारी नोकराचे आहे. पेढीवरच्या दिवाणजीला आणि रोजंदारीवरच्या हमालाला ते क्वचितच पुरते. तेथे माणसाचे भवितव्य धन्याच्या समजुतीवर अवलंबून असते. 'आम्ही दुकान चालवतो, धर्मशाळा नव्हे,' असे कोणी म्हणेल. त्यांनी हिशेबच पाहावा. नैराश्य आणि चिंताविकार यांपायी जगात दरवर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पंधरा वर्षांचा विश्वासू माणूस घालवून नवा शिकवण्यापेक्षा, त्याला महिनाभर हलके काम देणे, वेळेत थोडी सूट देणे आणि बरा होऊन आल्यावर त्याची जागा त्याला परत करणे अधिक स्वस्त पडते.

सोबत्यांचेही एक कर्तव्य आहे. उपदेश करू नये. "मन घट्ट कर" हे सांगणे ताप आलेल्यास "थंड हो" म्हणण्यासारखे आहे. एकांतात विचारावे, ऐकावे, दवाखान्यापर्यंत सोबत जावे आणि कळलेले चारचौघांत बोलू नये. जाणे शक्य नसेल, तर १४४१६ या क्रमांकावर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा २०२२ पासून विनामूल्य, अहोरात्र उपलब्ध आहे.

श्रोतेहो, कायदा नोकरी वाचवील. पण सकाळी कामावर आलेल्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे कायदा शिकवू शकत नाही. ज्या दिवशी आपल्या पेढीवरचा, कचेरीतला, कारखान्यातला माणूस रजेच्या अर्जात निर्भयपणे खरे कारण लिहील आणि ते वाचणारा त्यावर निमूटपणे सही करील, त्या दिवशी आपण शहाणे झालो असे म्हणता येईल.