सरांचे पाढे
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी 'आरोग्यावर दोन शब्द' बोलायला सांगितलं आहे. मी पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या गणिताच्या सरांबद्दल बोलणार आहे. त्यांची आणि काकूंची परवानगी घेतली आहे. गणितात मी कशी होते ते सरांनी आज सांगू नये, एवढीच अट.

चार वर्षांपूर्वी सरांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. लकवा, अर्धांगवायू, स्ट्रोक, काहीही म्हणा. मेंदूला रक्त नेणारी नळी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि मेंदूचा तेवढा भाग मरतो. महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेले. मी फिजिओथेरपिस्ट, म्हणजे हातपाय हलवून घेणारी. सरांना पाणी हवं होतं. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. काकू म्हणाल्या, "माझं नावसुद्धा येत नाही गं त्यांना." काही सुचेना म्हणून मी आपलं 'बे एके बे' म्हटलं. सर म्हणाले, 'बे दुणे चार'. आणि न थांबता 'बे दाहे वीस'पर्यंत गेले. काकू पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

यात चमत्कार नाही. १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी एक रुग्ण पाहिला. त्याला 'टॅन' एवढाच उच्चार जमायचा. तो वारल्यावर मेंदू तपासला, तर डाव्या बाजूचा पुढचा भाग बिघडलेला होता. मनातलं वाक्य जुळवून बोलायला तो भाग लागतो. पण पाढे, आठवड्याचे वार, आरती, आपली शाळेची प्रार्थना हे घोकून अंगात मुरलेलं बोलणं आणि गाण्याचा सूर, यांत मेंदूचे दुसरे भागही काम करतात, उजवी बाजूसुद्धा. म्हणून पुष्कळदा ते शिल्लक राहतं. वाचा-उपचारतज्ज्ञांनी तेच टोक धरलं. 'पा-णी', 'च-हा' सुरात म्हणायचं, डाव्या हाताने ठेका धरायचा. काकूंचं नाव यायला पाच महिने लागले.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत, हे मी प्रत्येक घरी आधीच सांगते. पण राजूर घाट बंद पडला तर बुलढाणा-मलकापूर वाहतूक काही कायमची थांबणार नाही. लोक आडवाटेने जातील, आणि गाड्या जातील तशी ती वाट रुंद होईल. मेंदूतही शेजारच्या पेशी नवे धागे जोडतात, निजलेल्या वाटा कामाला लागतात. मात्र गाड्या जायला हव्यात. हात हलवलाच नाही तर वाट कशाला पडेल? मोठ्या माणसाच्या मेंदूत असं काही होत नाही, असं विसाव्या शतकात बराच काळ शास्त्रज्ञ मानत. न्यूयॉर्कमध्ये पेद्रो बाख-इ-रिता नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांना असाच झटका आला. मुलाने त्यांना तान्ह्या मुलासारखं आधी भिंतीला टेकून रांगायला लावलं, मग भांडी घासायला लावली. ते पुन्हा शिकवायला लागले. पुढे ते वारल्यावर मेंदू तपासला, तर इजा भरून आलेली नव्हतीच. काम दुसरीकडून चाललं होतं.

हे मला १९९१ साली माहीत नव्हतं. त्या साली माझ्या बापूंना लकवा झाला. आम्ही त्यांची फार सेवा केली. खोलीला गोधड्या लावून वारा बंद केला, कुणी सांगितलं म्हणून कबुतराच्या रक्ताने मालीश केलं. घास मी भरवायचे. ते डाव्या हाताने वाटी धरू लागले की माय ओरडायची, "राहू द्या, आम्ही आहोत ना." पहिल्या तीन महिन्यांत मेंदू सर्वात जास्त शिकतो, आणि ते तीन महिने आम्ही त्यांना हलू दिलं नाही. उजव्या हाताची मूठ वळली ती वळलीच. नऊ वर्षं ते तसेच खाटेवर होते.

म्हणून सरांच्या घरी मी काकूंना दुष्टपणा शिकवला. शर्टाची बटणं लावून द्यायची नाहीत. ताट उजवीकडे ठेवायचं.

घरच्यांनी केलं की सगळं जमतं, असंही नाही. भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर 'अटेंड' नावाचा अभ्यास झाला. घरच्यांना व्यायाम शिकवून घरी पाठवलं, तरी सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक दिसला नाही. २०१७ मध्ये तो वाचून मी दोन दिवस गप्प होते. माझ्या मते चार दिवसांच्या शिकवणीने भागत नाही, तज्ज्ञ माणूस पुन्हा पुन्हा घरी जायला हवा. आपल्या तालुक्यात असे कितीजण आहेत, तुम्हीच मोजा.

सरांचंही सगळं परत आलेलं नाही. उजव्या हातात खडू धरवत नाही. आजच्या निमंत्रणावरची सही डाव्या हाताची आहे.

त्यापेक्षा वारं जाऊच नये हे बरं. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतले मृत्यू तपासले. सर्वात जास्त स्ट्रोकचे निघाले, साधारण सातांत एक. आपण समजतो हा शहरातला, बसून खाणाऱ्यांचा आजार! याचं सर्वात मोठं कारण रक्तदाब, आणि तो दुखत नाही. आणि वारं गेलंच, म्हणजे तोंड वाकडं झालं, हात पडला, बोबडं बोलणं आलं, तर १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा. तोंडात पाणी-औषध काही घालू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही स्कॅन पाहून. आपल्याकडून अकोला किंवा संभाजीनगर गाठायलाच त्यातला बराच वेळ जातो. आधी मालीशवाल्याकडे गेलात तर उरलेलाही जाईल.

बी.पी.चं मशीन मी बरोबर आणलं आहे. आठवी 'ब'च्या वर्गात बसते. जेवणाआधी या, पाच मिनिटं शांत बसा, मग मोजू. आपल्या वर्गातले जे गोळी 'बरं वाटतं म्हणून' बंद करून बसलेत, त्यांची नावं मला माहीत आहेत. सर, पहिला नंबर तुमचा. जिना तुम्ही स्वतः चढायचा आहे, मी मागे आहे.