गाण्याचा धनी कोण?

(गौरी-गणपतीच्या दिवसांत पोलादपूर तालुक्यातील एका वाडीवर जाखडीचा नाच उभा राहण्यापूर्वी एका शिक्षकाने केलेले भाषण.)

बंधुभगिनींनो, आयाबायांनो, आणि घुंगरे बांधून ताटकळत बसलेल्या मंडळींनो,

मास्तर, फार वेळ घेऊ नका, अशी ताकीद मला मिळालेली आहे. तेव्हा एकच प्रश्न विचारतो. शेताला सातबारा असतो, घराला घरपट्टीची पावती असते. मग गाण्याचा धनी कोण, हे कशावरून ओळखावयाचे?

शेवटच्या कडव्यावरून. तुकोबांचे, चोखोबांचे, जनाबाईचे नाव अभंगाच्या शेवटच्या चरणात येते. आपल्या शक्ती-तुऱ्यात शाहीर आधी गुरूचे नाव घेतो, मग आपले, मग गावाचे. अडाणी म्हणून हिणविल्या गेलेल्या आपल्या वाडवडिलांनी काढलेला हा सातबाराच होय. त्यांच्याजवळ कागद नव्हता, आणि अक्षर येत नव्हते असे म्हणण्यापेक्षा ते येऊ दिलेले नव्हते. म्हणून त्यांनी नाव यमकात असे बसविले की ते उपटले तर कडवेच मोडावे.

हा सातबारा किती टिकतो ते पाहा. हा वर प्रतापगड. तेथे १६५९ साली अफझलखानाचा वध झाला व त्यावर अगीनदास शाहिराने पोवाडा रचला. पलीकडे उमरठ, तानाजी मालुसऱ्यांचे गाव. त्यांच्यावरचा पोवाडा तुळसीदासाचा. हे पोवाडे गोंधळ्यांनी संबळावर, तुणतुण्यावर पिढ्यान् पिढ्या गळ्यात जतन केले. पुढे १८९१ साली ॲकवर्थ साहेब व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ते गोळा करून छापले, तेव्हा मुखपृष्ठावर या दोघांची नावे आली. त्यांनी मेहनत केली, त्यांना श्रेय मिळावे. माझी त्याला हरकत नाही. पण मधली सव्वादोनशे वर्षे ज्यांनी तो ठेवा सांभाळला त्या गोंधळ्यांची नावे आज कोण सांगेल? अगीनदास आणि तुळसीदास तेवढे वाचले, कारण त्यांची नावे गाण्याच्या पोटात होती.

आता आपल्या जवळची गोष्ट. आपल्या भागात एक सुतार शाहीर आहेत. नाव सांगितलेले त्यांना आवडणार नाही. दिवसा रंधा आणि रात्री ढोलकी, असा त्यांचा जन्म गेला. बऱ्याच वर्षांपूर्वी कोणी एक कॅसेटवाला आला, नाच भरवून घेतला, चहा-भजी खाऊ घातली आणि एका छापील कागदावर त्यांचा अंगठा घेतला. त्यांना सही येते, तरी घाईत अंगठाच घेतला, हे विशेष. पुढे एके दिवशी महाडच्या एस. टी. स्टँडवर बसले असता शेजारच्या पोराच्या फोनवर त्यांना आपलेच गाणे ऐकू आले. चाल तीच, शब्द तेच. शेवटचे कडवे मात्र कापलेले, आणि गाण्याखाली लिहिलेले, ‘पारंपरिक’. ते मला येऊन म्हणाले, “गुरुजी, पैशाचं जाऊं द्या. माझ्या गुरूचं नांव कापलं हो त्यांनी.”

हा ‘पारंपरिक’ शब्द मोठा सोयीचा आहे! बेवारस मालाला कोणीही हात घालावा, तसा हा शब्द लावला की जिवंत माणूस बेवारस ठरतो. गौरीची कित्येक गाणी खरोखरीच कोणा एकाची नाहीत, शंभर बायांच्या तोंडून घडली आहेत. त्यांना पारंपरिक म्हणा. पण ज्याचा कर्ता समोर रंधा मारीत बसला आहे त्याचे गाणे पारंपरिक कसे?

कोणी म्हणेल, चाली सगळेच उचलतात. खरे आहे. आपल्या लावणीच्या चाली संगीत नाटकांत गेल्या, आणि सिनेमाच्या चाली आपण बिनदिक्कत जाखडीत आणतो. चाल ही वाऱ्यासारखी आहे, तिला बांध घालू नये असे मीही म्हणतो. पण दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी प्यावे आणि वर विहीर आपल्या बापाने खोदली असे सांगावे, हे कोणत्या न्यायात बसते?

हे दुखणे आपल्यापुरतेच नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले, हे आपण जाणता. त्या मुक्त झालेल्या लोकांचे पुढे काय झाले? पुष्कळांच्या वाट्याला जमीन आली नाही. मिसिसिपी नदीकाठच्या कापसाच्या रानात ते मालकाची जमीन वाट्याने करीत. आपल्याकडे खोताची अर्धेल होती, तसलाच प्रकार. वर्षअखेरीस हिशेब मालकाच्या वहीत, आणि कुळ कर्जात. त्या रानांत जी गाणी निपजली त्यांना ‘ब्लूज’ म्हणतात. दुःखाची गाणी, पण रडकी नव्हेत. मडी वॉटर्स नावाचा गडी अशाच एका मळ्यावर ट्रॅक्टर हाकीत असे. तो १९४३ साली शिकागो शहरी गेला व तेथे नावारूपास आला. त्याच्या एका गाण्यावरून १९६२ साली विलायतेतील गोऱ्या पोरांनी आपल्या ताफ्याचे नाव ‘रोलिंग स्टोन्स’ ठेवले. ती पोरे निदान आपले गुरू कोण हे उघडपणे सांगत. तेवढी दाद त्यांना दिली पाहिजे.

दुसऱ्या ताफ्याची गोष्ट निराळी. विली डिक्सन नावाच्या कवीने केलेले एक गाणे मडी वॉटर्सने १९६२ साली गायिले. १९६९ साली लेड झेपेलिन या ताफ्याने त्यातील शब्द आपल्या गाण्यात घेतले. ते जगभर गाजले, पण कर्ते म्हणून नावे लागली ताफ्याची. डिक्सनने १९८५ साली फिर्याद केली. १९८७ साली तडजोड झाली, पैसा मिळाला, आणि पुढे गाण्यावर त्याचे नाव आले. त्याने आणखी काय केले? आपल्यासारख्या म्हाताऱ्या गवयांना त्यांच्या हक्काचा पैसा मिळवून देण्यासाठी एक संस्था काढली. उलट आर्थर क्रुडप पाहा. त्याचे १९४६ चे गाणे एल्विस प्रेस्लीने १९५४ साली म्हटले व त्यावर प्रेस्लीचे नशीब उघडले. तबकडीवर क्रुडपचे नाव होते, पण हक्काचा पुरता पैसा त्याच्या हाती पडला नाही. तो १९७४ साली वारला. म्हणजे नाव व पैसा ही दोन निरनिराळी देणी आहेत, आणि एक फेडले म्हणून दुसरे फिटत नाही.

आपल्या तमाशाच्या बोर्डावर या देण्यांचा हिशेब कसा झाला? होनाजी गवळी लावणी रची आणि बाळा करंजकर शिंपी ती गाई. लोकांनी दोघांचे मिळून ‘होनाजी-बाळा’ असे एकच नाव केले. रचणारा आणि गाणारा सारखे! पुढे पठ्ठे बापूराव आले. जातीने ब्राह्मण, पण घरदार व जात सोडून तमाशात शिरले, महारांत राहिले, आणि १९४५ साली हलाखीत वारले. त्या माणसाला मी नावे ठेवणार नाही. त्यांचे नाव लावणीत राहिले, पवळाबाईंचे लोकांच्या तोंडी राहिले. पण तिच्याबरोबर बोर्डावर उभ्या राहिलेल्या बाकीच्या बायांची नावे कोणाला येतात? १९२७ साली आपल्या महाडच्या सत्याग्रहासाठी पैसा जमत असता बापूराव आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ करून बाबासाहेब आंबेडकरांकडे गेले, आणि बाबासाहेबांनी ते नाकारले. महारांच्या लेकींना नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. फंडाला पैशाची गरज असताना त्यांनी नाही म्हटले. गाण्यामागे कोणाचे अंग झिजते, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारला होता. आपण अजून फक्त कवीच्या नावापाशी आहोत.

आता कायद्याचे थोडे, कारण महाडच्या कारखान्यांतून पाळी करून आलेली तरुण मंडळी येथे बसली आहेत व त्यांच्या फोनवर रोज नवे गाणे चढते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गाणे कागदावर उतरले की त्याचा हक्क कर्त्याला मिळतो. नोंदणीची सक्ती नाही. हा हक्क हयातभर व मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. तो विकावयाचा तर सहीनिशी लेखी लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षे धरतात. हक्क विकला तरी कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकार विकला जात नाही, आणि ही गोष्ट कोणताही कंपनीवाला आपण होऊन सांगत नाही. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने सिनेमासाठी वा ध्वनिमुद्रणासाठी दिलेल्या गाण्याच्या पुढील उत्पन्नात कवीला व चाल बांधणाराला बरोबरीचा वाटा ठेवला आहे. तो वाटा कंपनीला लिहून देता येत नाही, दिला तरी चालत नाही. सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा देऊन आपले आजे जमिनीला मुकले. गाण्याचा कागदही तसाच वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेत आणा.

चांगले कामही झाले आहे. हेमा राईरकर व गी प्वातव्हां यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि ओवीबरोबर ती म्हणणाऱ्या बाईचे नाव व गाव टिपून ठेवले. कोणी बाई म्हणाली, ‘माझं कसलं नांव, लिवूं नका’, तर तिला सांगा की अगीनदासाचे नाव राहिले ते असेच.

शाळेत मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर आमच्या सुतार शाहिरांचे गाणे, शेवटच्या कडव्यासह, त्यांच्या सहीने आणि तारखेने उतरविले आहे. त्यांच्या गुरूचे नाव लाल शाईने लिहिले, तसा त्यांचा हट्टच होता. दुसरे पान कोरे आहे. आज येथे जी नवी गाणी होतील त्यांचे कर्ते सकाळी शाळेकडे यावेत. पेन मी देईन. आणि ढोलकीवाले, तेच गाणे पहिले घ्या. म्हातारा समोरच बसला आहे.